चार माणसांत मागितलेली भाकरी

१२ नोव्हेंबर २००२

आज सेनगावच्या मीटिंगमध्ये माझीच फजिती! नर्सबाई रक्त तपासायची पट्टी कशी वापरायची ते दाखवत होत्या. बोट कोण देतं, म्हणाल्या. अंगणवाडीच्या सगळ्या बायका एकमेकींच्या पाठीमागे. मी मोठ्या ऐटीत पुढे. कागदावर थेंब टेकवला, रंगाशी लावून बघितला — आणि नर्सबाईंनी कागद पुन्हा उजेडात धरला. दुसऱ्या बोटाचा घेतला. तोही तसाच फिका. "कुशावर्ताबाई, रक्त सातच आहे. तुम्ही चालता कशा?"

चालते कशी म्हणजे? चालायला वेळ कुठे आहे, पळते!

इतकी वर्षं गोरेगावच्या गरोदर बायांना मीच सांगतेय — पालेभाजी खा, पुरुषांच्या आधी जेवा, दुपारी घटकाभर पडा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सगळ्या हसल्या. मीही हसले. जीपमध्ये बसल्यावर मात्र रडू आलं.

लाल गोळ्या दिल्यात. मार्चमध्ये परत बघू म्हणाल्या. वाढलं नाही तर हिंगोलीला भरती होऊन बाटली लावायची. मार्चमध्ये! ऐन हळद शिजवायच्या दिवसांत! मी खाटेवर पडले तर घरात चूल कोण पेटवणार?

१३ नोव्हेंबर

घरी सांगितलं. हे म्हणाले, मग खात जा की, तुला कोण नको म्हणतंय? आणि पेपर उलटला.

सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या काळात रक्त कुणी मोजत नव्हतं म्हणून कमीही पडत नव्हतं.

१५ नोव्हेंबर

ठरवलं! तब्येतीसाठी काय काय करायचं ते आज नीट ठरवलं. पहाटे फिरायला जायचं. रोज पेलाभर दूध. एक फळ — पेरू तरी. दुपारी पडायचं. सोमवारचा उपवास बंद, नर्सबाईंनी तंबीच दिलीय. रात्री लवकर झोपायचं. आणि सांजची भाकरी सगळ्यांबरोबर बसून, गरम. लिहितानाच किती बरं वाटलं! आजारी बाईला इतकी कामं असतात हे माहीत नव्हतं.

१८ नोव्हेंबर

दूध — लेकाला, ओमला, परीक्षेसाठी. पेरू — नंदीने शाळेत नेला. दुपारी पडले तर लाभार्थी बाया दारात, "म्याडम झोपल्या व्हय?" लवकर झोप? भांडी कोण, माझी सवत घासणार?

उपवास मात्र आज सोडला. सासूबाईंनी हात जोडून औंढ्याच्या दिशेला तोंड केलं. नागनाथापाशी माझी तक्रार नोंदवली असेल.

तीन दिवसांत निम्मे बेत आडवे झाले. चाललंय ते एवढंच — गोळ्या. त्याही मी चहावर घेत होते. नर्सबाई आज रस्त्यात भेटल्या, म्हणाल्या चहावर नका घेऊ, सगळं वाया जातं. घ्या!

२१ नोव्हेंबर

आज घाबरले. खरंच घाबरले.

भिकाबाईंचा नातू वजनाला घेतला होता. झोळीत ठेवायला उचललं आणि डोळ्यांपुढे काळं. भिंतीला टेकले म्हणून लेकरू हातातून सुटलं नाही. भिकाबाईंनी झटकन घेतलं, मला पाणी दिलं. जाताना लेकराला पदराखाली घट्ट धरून गेल्या.

दुसऱ्याचं लेकरू! पडलं असतं तर? आता हा काही हौसेचा बेत राहिला नाही. दोनच गोष्टी धरायच्या — सकाळचं फिरणं आणि सांजची गरम भाकरी. बाकी सगळं गेलं तेल लावत.

२३ नोव्हेंबर

गरम भाकरीचं अवघड आहे. वाटतं तेवढं सोपं नाही ते.

आमच्याकडे भाकरी तव्यावरून थेट ताटात जाते. हे खातात, लेकरं खातात, सासूबाई खातात — एकेक गरम, फुगलेली. म्हणजे जी तव्यापाशी बसली ती शेवटी. पीठ परातीत ठरलेलंच. वरचे भुकेने किती खातील त्यावर खालचीचं पोट. आज कोरड्यासही संपलं होतं. चटणी आणि दीड भाकरी, त्यातली अर्धी करपलेली, नंदीने टाकून दिलेली.

यांना म्हटलं, एक दिवस मी आधी जेवते. म्हणाले, जेव की. मग तव्यावर कोण? ते त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं भाकरी तव्यावर आपोआप उलटते.

२७ नोव्हेंबर

फिरणं सुरू! पहाटे उठून पाणी भरलं, भांडी केली, आणि सेनगाव रोडला लागले. नुसती. हातात काही नाही. थंडी छान होती. मैलाच्या दगडाजवळ नरसिंगची जीप मागून आली, करकचून थांबली. "बसा बाई." नको म्हटलं, फिरते आहे. त्याला कळेना. "फिरून मंग जायाचं कुठं?"

कुठेच नाही म्हटल्यावर माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

३० नोव्हेंबर

नरसिंग रोज थांबतो! आज म्हणाला पैसे राहू द्या बाई, बसा नुसतं. आतले लोकही सरकून जागा करून देतात. काय करू मी यांचं?

४ डिसेंबर

अंगणवाडीत बाया कुजबुजतात. मी आले की गप्प. भिकाबाईंनी शेवटी बाजूला घेतलं आणि विचारलं, घरात मारहाण होते का. मी हसलेच! तर म्हणाल्या, "हसू नका. समद्या गावाला ठावं हाय. रोज सकाळी निघता, आन् लेकरांच्या मायेनं माघारी फिरता."

माझं माहेर त्याच रस्त्यावर आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नाही! डोक्यावर ओझं नाही, हातात टोपली नाही, आणि बाई एकटी माहेरच्या रस्त्याने चालली — म्हणजे रुसून चालली. दुसरं काय असणार? आमच्याकडे बाई रक्तासाठी चालत नसते.

यांना सांगितलं. जेवता जेवता खूप हसले.

८ डिसेंबर, रविवार

हसणं अंगाशी आलं आज!

सकाळी नरसिंगचीच जीप दारात. त्यातून माझा मोठा भाऊ संतरामदादा उतरला, मागून माहेरचे दोन म्हातारे, फेटे बांधून. दादाचे डोळे लाल. आमच्याकडून चुलत सासरे उत्तमराव आले, काठी टेकत, भावकीतली आणखी दोघं घेऊन. सतरंजी अंथरली. चार माणसं बसली! हे नुसते सगळ्यांकडे बघत होते, चोरी न करता पकडल्यासारखे. दादाने यांच्या हातचं पाणी घेतलं नाही.

मी सांगितलं, बाबांनो, कुणी काही केलं नाही, मी तब्येतीसाठी फिरते. कुणाचा विश्वास बसला नाही. म्हातारे माना हलवत होते — बिचारी घर झाकते. जेवढं खरं सांगावं तेवढे यांच्यावर डोळे वटारत होते.

उत्तमरावांनी काठी खाली ठेवली. "पोरी, भिऊ नको. चार माणसं बसलीत. काय तकलीफ हाय ते आज बोल. बोलली न्हाई तं पुन्हा कुणी इचारणार न्हाई."

काय झालं मला कोण जाणे. तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं आणि उत्तरासाठी थांबत होतं! तोंडातून निघूनच गेलं.

"मला सांजची भाकरी गरम पायजे. समद्यांसंगं बसून. दुसरं काही न्हाई."

दादाचं तोंड उतरलं — एवढी जीप करून आला आणि बहिणीचं दुःख भाकरीएवढं! एक म्हातारा खोकल्याच्या नावाखाली हसला. पण उत्तमराव हसले नाहीत. म्हणाले, रास्त आहे. मग तवा कोण धरणार? आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. यांच्यावरून ती अशी गेली, जसं तिथे खांब आहे. सासूबाईंवर थांबली.

"वैनी, सांजचा तवा आजपून तुमी सांभाळा. ठरलं."

सासूबाईंनी पदर सारखा केला. चार माणसांत ठरलं म्हणजे ठरलं, ते आता मोडत नाही.

आणि मग एवढ्या सगळ्यांच्या दुपारच्या जेवणाच्या भाकऱ्या मीच थापल्या! तब्येत सुधारायला निघाले आणि कंबर मोडली. दादा जाताना हळूच म्हणाला, तुला खरंच मारत नाहीत ना गं?

९ डिसेंबर

पहिला घास. जीभ भाजली!! किती वर्षांनी भाजली.

११ डिसेंबर

फिरण्यावर उपाय सापडला. रिकामं घमेलं डोक्यावर घ्यायचं. बस्स! कुणी विचारत नाही, कुणी थांबत नाही. नरसिंग हॉर्न वाजवून निघून गेला. बाई कामाला निघाली म्हणजे जग निश्चिंत.

१९ डिसेंबर

भाकरी गरम आहे, पण घशाखाली उतरत नाही. सासूबाई बोलतच नाहीत. ताटात भाकरी अशी आपटतात की वरण उडतं. जाड थापतात, कडेला कच्ची. आणि त्या बांगड्या! थापताना कोपरापर्यंत जातात, खाली येतात, खळ्ळ खळ्ळ. पूर्वी नव्हता इतका आवाज. मला ऐकवायला मुद्दाम. सगळ्या घरादाराला कळलं पाहिजे ना, म्हातारी राबतेय आणि सून बसून खातेय!

आज म्हटलं, आत्याबाई, पीठ थोडं जास्त घेत जा, माझी भूक वाढलीय. तर म्हणाल्या, "परात तेवढीच हाय."

परातीचं नाव पुढे! हातच आखडलेला.

१४ जानेवारी २००३

संक्रांत. तीळगूळ दिला, पाया पडले. गोड बोला म्हटलं. काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे कडू तरी नाही. तेवढंच पदरात.

२० जानेवारी, सोमवार

हद्द झाली. सासूबाई आता सोमवार धरायला लागल्या! आधी एकादशी, शनिवार होतेच. मी सोडला आणि त्यांनी धरला. भगर घेऊन बरोबर माझ्यासमोर बसतात. काही बोलायचं नाही, फक्त दाखवायचं — बघ, देवाला मी सोडलं नाही.

यांना सांगितलं की तुमच्या आईला जरा समजवा. म्हणाले, तुम्हा दोघींचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका. आणि तिसरी भाकरी मागितली.

३ फेब्रुवारी

आज पाण्याचे हंडे एका दमात आणले. मध्ये टेकले नाही! गोळ्या, भाकरी, घमेलं — काहीतरी लागू पडतंय. अंगणवाडीत लेकरांबरोबर फुगडीही घातली. भिकाबाई नातवाला घेऊन आल्या आणि वजनाला स्वतःहून माझ्या हातात दिला. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

१७ फेब्रुवारी

हळद निघाली. सगळीकडे तोच वास — कपड्यांना, केसांना. शेतात कढई पेटलीय. माणसं जेवायला घरी, आणि अशा वेळी सासूबाई शेतातून येताना बांधावर बसून राहिल्या! पाटी बाजूला ठेवून, पार्वतीसारख्या ध्यान लावून. हाक मारली तर हात केला, तू हो पुढं. नाटकं नुसती. कामाच्या वेळीच बरं बसायला सुचतं.

संध्याकाळी जेवायला या म्हटलं तर, "मला भूक न्हाई." हे महिनाभर चाललंय. रुसवा जेवणावर काढायचा! काढू दे. मी आता नाही विरघळत. माझी भाकरी मी चार माणसांत मागून घेतलीय, चोरून खात नाही.

१ मार्च

महाशिवरात्र. मीही आज उपवास केला, वर्षातला एक. सासूबाईंनी औंढ्याला जायचं रद्द केलं. दरवर्षी चालत जाणारी बाई, यंदा जीपनेही नाही! पाय दुखतात म्हणे. मला वाटलं माझ्याबरोबर देवळातही यायचं नसेल.

५ मार्च

दहा!! माझं रक्त दहा!

नर्सबाई अंगणवाडीत आल्या होत्या. पट्टी धरून म्हणाल्या, शाब्बास, आता हिंगोलीचं नाव नको. मला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात सासूबाई दारात, मी विसरलेला डबा घेऊन. मी इतकी खुशीत की म्हटलं, नर्सबाई, आमच्या आत्याबाईंचंही बघा! जुनं हाड आहे, आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त निघेल!

त्या नको नको म्हणत होत्या. मीच हात धरला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या, आणि मी ते आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. हात कुठे उरलाय त्यांना?

पाच. नर्सबाईंनी तीन बोटं बघितली. पाचच.

६ मार्च

यांना आज कढई सोडून यावं लागलं. जीप केली, आईला हिंगोलीला नेलं. बाटली लावलीय. मी मागच्या गाडीने गेले आणि खाटेजवळ बसले. मग विचारलं, आत्याबाई, सांजचं तुम्ही काय जेवत होतात?

"जे उरंल ते. तव्यावरची मागूनच जेवती. तूबी तसंच करत व्हती ना?"

बाई, मग मला सांगायचं तरी! कधी अर्धी उरायची म्हणे, कधी नाही. माझी भूक वाढली आणि परात तेवढीच. मी म्हणाले होते ना पीठ जास्त घ्या — का नाही घेतलं? तर म्हणाल्या, आपल्या पोटासाठी वाढीव पीठ मळलेलं त्यांनी कधी बघितलं नाही. त्यांच्या सासूनेही मळलं नाही, त्यांनीही नाही.

आणि सोमवार? मी रागानेच विचारलं. मला दाखवायला धरला होता ना?

"तुला काहून दाखवू? तू सोडला, मंग त्यो कुणी धरायचा? नागनाथाचा वार रिकामा जाऊन राहिला असता. लेकरं हायत घरात." मग छताकडे बघत म्हणाल्या, "सून आली की तवा सुटतो म्हणत्यात. सुटला व्हता तेरा वर्सं."

माझ्यावर राग नव्हता त्यात. तेच सहन होत नाही! शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

७ मार्च

रात्रभर उगीच स्वतःला टोचत बसले. सकाळी मात्र वेगळाच राग आला, आणि तो जात नाही. मी काय मागितलं होतं? महाल? एक गरम भाकरी! ती मिळाली तर म्हातारीच्या ताटातून काढून. मी जे खाली ठेवलं ते तिने उचललं — तवा, सोमवार, सगळं. आमच्या घरात शेवटची जागा रिकामी राहतच नाही. कुणीतरी बसलंच पाहिजे तिथे.

चार माणसं बसली होती. पाटावर बसून गरम जेवणाऱ्या यांना कुणी काही विचारलं? मलाही तेव्हा सुचलं नाही.

८ मार्च

हे हिंगोलीहून आले. चेहरा ओढलेला, आईपायी खरंच घाबरलेत. विचारत होते, हे असं झालं कसं, घरात तर धान्याला कमी नाही. तेरा वर्षं समोर बसून जेवलेला माणूस मलाच विचारतोय!

१३ मार्च

सासूबाई काल घरी आल्या. आज सांजचा तवा मी धरला. परात तीच, पण पीठ दोनदा मळलं. या वेळी चार माणसं बोलावली नाहीत.

पहिली भाकरी सासूबाईंच्या ताटात. मग लेकरांच्या. मग तव्याशेजारी माझंही ताट ठेवलं, त्यात घेतली. हे हात धुऊन आले, पाट ओढला, सवयीने ताट पुढे सरकवलं.

"थांबा," म्हटलं. "आमचं होऊ द्या."

थांबले. सासूबाईंनी हातातला घास तसाच धरला. लेकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खाल्ला.